स्वमग्नता : बालकातील प्रारंभिक लक्षणांची ओळख

प्रस्तावना :
‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे वडीलही तिसऱ्या वर्षी बोलू लागले’ अशा समजुतींमुळे अनेक कुटुंबांत बालकाच्या तपासणीस विलंब होतो. स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था होय. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ बालकांच्या निरीक्षणांच्या आधारे तिचे वर्णन केले. आईच्या अलिप्तपणामुळे ती उद्भवते, हे एकेकाळचे मत संशोधनाने त्याज्य ठरविले आहे.

लक्षणांचे स्वरूप :
केवळ उशिरा बोलणे म्हणजे स्वमग्नता नव्हे. बालक शब्दांवाचून संवाद साधते काय, हा खरा प्रश्न आहे. चांदोबा दिसताच बोट दाखवून आईकडे वळून पाहणारे बालक आपला आनंद तिच्याशी वाटून घेत असते. स्वमग्न बालकात नेमकी हीच देवाणघेवाण बहुधा क्षीण असते. हवी ती वस्तू मिळविण्यासाठी ते मोठ्यांचा हात धरून तेथे नेते. परंतु चेहऱ्याकडे क्वचितच पाहते.

पुढील बाबी आढळल्यास तपासणी आवश्यक ठरते :
१) १२ महिन्यांपर्यंत नावाच्या हाकेला प्रतिसाद, बडबड वा हावभाव नसणे.
२) १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे.
३) १८ महिन्यांपर्यंत बोटाने वस्तू न दाखविणे.
४) २४ महिन्यांपर्यंत स्वतःहून दोन शब्द न जोडणे.
५) आत्मसात केलेली भाषा वा सामाजिक कौशल्ये कोणत्याही वयात लोप पावणे.

यांच्या जोडीला चाके फिरवीत राहणे, वस्तू रांगेत मांडणे, हात फडफडविणे, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारणे, विशिष्ट आवाज वा दिनक्रमातील बदल असह्य होणे, ही वर्तनेही दिसू शकतात. कोणतेही एक लक्षण निदानास पुरेसे नसते.

तपासणी व निदान :
हाकेला प्रतिसाद नसल्यास प्रथम श्रवणचाचणी करावी. १६ ते ३० महिने वयोगटासाठी ‘एम-चॅट’ ही पालकांना विचारावयाची २० प्रश्नांची प्रश्नावली उपलब्ध आहे. ती चाळणी होय, निदान नव्हे. रक्तचाचणीने वा मेंदूच्या प्रतिमेने निदान होत नाही. त्यासाठी तज्ज्ञांचे प्रत्यक्ष निरीक्षण व विकासाचा इतिहासच आवश्यक असतो. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे.

निष्कर्ष :
शंका निराधार ठरल्यास बालकाची हानी होत नाही. मात्र प्रतीक्षेत गेलेला काळ परत मिळत नाही. वाचा व व्यवसायोपचार सुरू करण्यासाठी अंतिम निदानाची वाट पाहण्याचेही कारण नाही.