दहा मणी, एक काळजी

वसईतल्या अनेक ख्रिस्ती घरांत संध्याकाळची रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायची प्रार्थना, अजून रोज होते. ती शेजारी बसून पाहिली की कळतं, हे मेहनतीचं काम आहे. आमच्या आळीतल्या काकू पहाटेच्या लोकलने फुलं घेऊन दादरला जातात, परतल्यावर वाडीत राबतात आणि सातनंतर मेणबत्ती लावून क्रुसाची खूण करतात. दिवसभराचा शीण अंगात असतो, तरी पाठ टेकत नाहीत.

माळेत 59 मणी. मुख्य भाग पाच गटांचा. गटाच्या आधी प्रभूची प्रार्थना, मग दहा मण्यांवर दहा वेळा ‘नमो मारिया’. प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग काकू म्हणतात, उरलेला घरातले सगळे. या वाटणीतच खरी गंमत आहे: इतर म्हणत असतात तेव्हा काकूंना श्वास घ्यायला मिळतो, काकू म्हणतात तेव्हा इतरांना. क्लासहून आलेला नातू पहिला गट घाईघाईने म्हणतो, पण इतरांच्या आधी त्याला संपवता येत नाही. तिसऱ्या गटापर्यंत त्याचाही आवाज खाली येतो. इटलीतल्या संशोधकांनी 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदवलं होतं की लॅटिनमधून रोझरी म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो. मला ते पटतं. पण श्वास संथ झाला म्हणून कुणाची काळजी मिटत नाही.

प्रत्येक गटात येशू आणि मरिया यांच्या जीवनातल्या एका प्रसंगाचं, म्हणजे ‘रहस्या’चं, ध्यान करायचं असतं; ते कोणतं हेही आपल्या हातात नसतं. सोमवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, गुरुवारी प्रकाशाची. ही प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली जोडली. घरात बाप्तिस्म्याचा आनंद असो, मंगळवार असेल तर गेथशेमनीच्या बागेत घाम गाळणाऱ्या येशूजवळ जायचं. आणि घरात आजारपण असलं तरी सोमवारी मरियेसोबत एलिझाबेथच्या भेटीला निघायचं. आपल्या त्या दिवसाच्या मनःस्थितीला इथे फारसा मान नाही, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

प्रत्येक गटाआधी काकू हेतू सांगतात. हा शेजारच्या आजींच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी, हा नोकरी गेलेल्या पुतण्यासाठी, हा गेलेल्यांसाठी. एरवी पुतण्याचा विषय निघाला की घरात सल्ले सुरू होतात, आवाज चढतात. इथे नाव उच्चारलं जातं आणि पुढचे दहा मणी त्यावर कुणी काहीच बोलू शकत नाही. तोही तिथेच बसलेला असतो, स्वतःच्या नावाचे दहा मणी इतरांबरोबर म्हणत. काळजी चारचौघांत ठेवायची, पण तिची चर्चा करायची नाही. मला वाटतं, रोझरीची शांती इथून येते.

“मन भटकत नाही का?” मी एकदा विचारलं.

“भटकतं की. फुलांच्या भावात जातं. पण बोट मण्यावर असतं ना, तिथून परत सुरू करायचं.”

पुतण्याला अजून नोकरी लागलेली नाही. दुसरा गट रोज त्याच्यासाठी असतो, आणि आता तो हेतू काकूंच्या आधी तो स्वतःच सांगतो.