टॅब्लेटचा पडदा अंधारला तर

शाळेचा वर्ग, अंगणवाडी, ग्रामपंचायतीचे कार्यालय किंवा घरोघर चालणारी एखादी पाहणी, अशा अनेक ठिकाणी आज टॅब्लेट संगणक वापरला जातो. पाटीएवढ्या या यंत्राला वेगळा कळफलक नसतो. माहिती दाखविणे आणि आज्ञा स्वीकारणे ही दोन्ही कामे पडदाच करतो. त्यामुळे पडदा बिघडला म्हणजे यंत्रच निकामी झाले, असा समज सहज होतो. यंत्र कपाटात जाते, यथावकाश निर्लेखनाच्या यादीत चढते आणि त्यातील नोंदीही त्याच्याबरोबर जातात. वस्तुतः पडदा काळा पडला तरी दोष पुष्कळदा पडद्यात नसतो. दोष नेमका कोठे आहे हे क्रमाने शोधले, तर खर्च वाचतो आणि केलेले कामही वाया जात नाही.

पडद्याची घडण

वरून एकसंध दिसणारा पडदा थरांचा बनलेला असतो. सर्वांत वर काच, तिच्याखाली स्पर्श ओळखणारा पारदर्शक थर आणि त्याखाली चित्र उमटविणारे पटल. बहुतेक स्वस्त टॅब्लेटमध्ये हे पटल द्रवस्फटिकांचे असते. फ्रीड्रिख रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला १८८८ मध्ये द्रवस्फटिकांच्या वैशिष्ट्याचा शोध लागला. द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. मागे बसविलेल्या सूक्ष्म दिव्यांचा प्रकाश ते अडवितात किंवा पुढे जाऊ देतात. काही महाग टॅब्लेटमध्ये मात्र पटलाचा प्रत्येक ठिपका स्वयंप्रकाशी असतो.

विद्यार्थ्यांसाठी ऑक्टोबर २०११ मध्ये सादर झालेल्या पहिल्या ‘आकाश’ टॅब्लेटचा पडदा दाबाने चालणारा होता. आजचे पडदे दाबाने नव्हे, तर बोटाच्या विद्युत्‌परिणामाने चालतात. म्हणून पडदा ऐकत नाही असे दिसताच तो जोराने दाबण्यात काही लाभ नाही. उलट आतील पटलास इजा होते.

पडदा पूर्ण काळा असल्यास

प्रथम यंत्र चांगल्या स्थितीतील चार्जरला अर्धा तास जोडून ठेवावे. बॅटरी पूर्ण उतरलेली असल्यास काही मिनिटे पडद्यावर कोणतीही खूण उमटत नाही. चार्जर, त्याची तार आणि भिंतीवरील जोडणी ही तिन्ही बदलून पाहावीत.

त्यानंतर चालू-बंद करण्याची कळ १० ते ३० सेकंद दाबून धरावी. काही यंत्रांत तिच्याबरोबर आवाज कमी करण्याची कळही दाबावी लागते. अडकून पडलेले यंत्र याने पुन्हा सुरू होते व साठविलेली माहिती पुसली जात नाही. मात्र या वेळी एखादी यादी समोर आल्यास त्यातील माहिती पुसण्याचा पर्याय चुकूनही निवडू नये.

एवढ्याने काम न झाल्यास यंत्र जिवंत आहे काय ते पाहावे. सूचनेचा आवाज येत असेल, यंत्र थरथरत असेल किंवा संगणकाला जोडल्यावर ते ओळखले जात असेल, तर आतील भाग चालू आहे. मग अंधाऱ्या खोलीत पडद्यावर विजेरीचा प्रकाश तिरपा टाकावा. द्रवस्फटिक पडद्यावर पुसट चित्र दिसल्यास पटल ठीक असून मागील दिवे किंवा त्यांचा वीजपुरवठा बिघडला आहे, असे समजावे. काहीच दिसत नसल्यास पटल किंवा त्याची जोडणी तपासून घ्यावी लागते.

पडदा अंधुक किंवा पिवळट दिसल्यास

हे बहुधा बिघाड नसून मांडणीतील बदल असतात. प्रकाश आपोआप कमीजास्त करण्याची सोय, बॅटरी बचत आणि रात्रीचा पिवळा प्रकाश या सोयी एकेक करून बंद कराव्यात. प्रकाश मोजणाऱ्या छिद्रावर धूळ किंवा आवरण आले असले, तरीही पडदा मंद होतो. उष्णता हे आणखी एक कारण. अनेक उत्पादक आपल्या यंत्रांसाठी सुमारे ३५ अंश सेल्सियसपर्यंतचे हवामान योग्य मानतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा उन्हात ठेवलेला टॅब्लेट स्वसंरक्षणासाठी पडदा मंद करतो किंवा बंद पडतो. त्यास सावलीत निवू द्यावे. फ्रीजमध्ये ठेवू नये.

रेषा, डाग आणि भलते स्पर्श

पडद्यावर रेषा किंवा डाग दिसत असल्यास एक सोपी परीक्षा आहे. यंत्राद्वारेच पडद्याचे छायाचित्र टिपावे व ते दुसऱ्या यंत्रावर पाहावे. तेथेही रेषा दिसली तर दोष प्रणालीत आहे. न दिसल्यास तो पटलात किंवा जोडणीत आहे. पहिल्या दोषावर यंत्र पुन्हा सुरू करणे, नवे ॲप काढून टाकणे किंवा प्रणाली अद्ययावत करणे हे उपाय आहेत; दुसऱ्यास कारागीरच हवा.

बोट न लावता पडदा आपोआप चालत असल्यास प्रथम चार्जर काढून पाहावा. हलक्या प्रतीच्या चार्जरमुळे स्पर्शाचा थर गोंधळतो. ओले हात, धूळ आणि उचकटलेले संरक्षक आवरण यांचाही असाच परिणाम होतो.

धोक्याची खूण

पडद्याची कड वर उचललेली दिसली किंवा पाठ फुगली, तर आतील बॅटरी फुगली आहे असे समजावे. असे यंत्र तत्काळ बंद करावे व चार्जरला जोडू नये. पडदा दाबून बसविण्याचा प्रयत्न करू नये आणि बॅटरीला टोचू नये. तिला आग लागू शकते. यंत्र मुलांपासून व ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर ठेवून जाणकाराकडे सोपवावे.

आधी नोंदी, मग दुरुस्ती

दुरुस्तीला देण्यापूर्वी नोंदींची प्रत काढून घेणे अगत्याचे आहे. पडदा दिसतो पण स्पर्श चालत नाही, अशा वेळी ॲण्ड्रॉइड प्रणालीच्या बहुतेक टॅब्लेटना योग्य जोडणीने साधा माऊस लावता येतो व त्याद्वारे माहिती पाठविता येते. सर्व माहिती पुसून यंत्र मूळ स्थितीत आणणे हा शेवटचा उपाय होय. तुटलेल्या पडद्यावर त्याचा काहीही उपयोग नाही.

कार्यालयीन यंत्राची हमीची मुदत प्रथम पाहावी. मुदत असता ते बाहेर उघडल्यास हमी धोक्यात येते. बिघाडाची तारीख, लक्षणे आणि केलेल्या परीक्षा लिहून ठेवल्यास कारागिराचा वेळ वाचतो आणि खर्चाचा अंदाज पडताळता येतो. दुरुस्ती खरोखरच परवडत नसेल, तर यंत्र भंगारात न देता नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे सोपवावे. यासंबंधीचे ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आले आहेत.

मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसणे, जाड आवरण वापरणे आणि दप्तरात वजनाखाली न ठेवणे एवढी काळजी घेतली, तरी पडद्याचे आयुष्य वाढते. शाळेतील वा पंचायतीतील एका व्यक्तीने ही तपासणी शिकून इतरांना शिकविली, तर कपाटात पडून असलेली काही यंत्रे पुन्हा कामास लागतील.