न स्वीकारलेलें गाणें
(नभोवाणीवरील भाषण)

आजीच्या ओव्या घरांत दोन ठिकाणीं होत्या. कांहीं जुन्या कॅसेटवर, कांहीं फोनवरून तिनें धाडलेल्या ध्वनिसंदेशांत. नातवानें त्या सर्व संगणकांत उतरवून घेतल्या, त्यांस नीट नांवें दिलीं, आणि घरांतल्या इतर गाण्यांबरोबर त्याही ऐकतां याव्यात म्हणून संगीतसंग्रहाच्या प्रोग्रॅमांत त्या घालावयास गेला. तों प्रोग्रॅम त्यांतील निम्म्या घेईना. बरें, कां घेत नाहीं हेंही सांगेना! असा प्रसंग आज पुष्कळ कुटुंबांत येतो. अशा वेळीं ‘फाईल बिघडली’ असा निकाल देऊन ती पुसून टाकण्याचा मोह होतो. बाजारांतलें गाणें पुन्हां मिळेल. परंतु जिचा गळा कायमचा थांबला, तिच्या ओव्या पुन्हां मिळावयाच्या नाहींत. नाकारलेली फाईल म्हणजे नष्ट झालेली फाईल नव्हे, ही गोष्ट म्हणूनच प्रथम ध्यानांत ठेविली पाहिजे.

उपाय शोधण्यापूर्वीं एक काम अवश्य करावें. मूळ फाईलीची नक्कल करून मूळ प्रत निराळ्या जागीं ठेवावी, आणि पुढील सारे प्रयोग नकलेवरच करावेत.

आतां हा प्रोग्रॅम फाईल स्वीकारतो तरी कसा, तें पाहूं. त्याचें वागणें एखाद्या करड्या ग्रंथपालासारखें असतें. प्रथम तो फाईलीच्या नांवाचें शेपूट पाहतो. नंतर आंत डोकावून आरंभींचीं अक्षरें वाचतो. मग गाण्याचें नांव, गायकाचें नांव वगैरे तपशील टिपून घेतो. यांपैकीं कोठेंही अडलें कीं पुस्तक फडताळांत जात नाहीं. म्हणून तपासणीही याच क्रमानें करावी.

अगदीं आरंभीं फाईलीचा आकार पाहावा. तो शून्य असेल, किंवा शेजारच्या तेवढ्याच लांबीच्या फाईलींपेक्षां फारच थोडा असेल, तर नक्कल अर्धवट झाली आहे असें समजून मूळ ठिकाणाहून ती पुन्हां उतरवून घ्यावी. आकार ठीक असेल तर फाईल व्हीएलसी या प्रोग्रॅमांत वाजवून पाहावी. हा प्रोग्रॅम बहुतेक सर्व प्रकार ओळखतो. तेथें आवाज उमटला, तर रोग फाईलींत नसून ग्रंथपालाच्या नियमांत आहे हें निश्चित झालें.

पुष्कळदां दोष नांवांतच असतो. व्हॉट्सॲपवरील ध्वनिसंदेश ओपस या पद्धतीनें सांठविलेला असतो. प्रोग्रॅम तो घेत नाहीं असें पाहून कोणी त्याचें शेपूट बदलून ‘एमपी३’ असें करतो. परंतु लोणच्याच्या बरणीवर मुरंब्याची चिठ्ठी डकवल्यानें लोणचें गोड होत नाहीं! फाईलीच्या आरंभींच तिची खरी जात लिहिलेली असते. वेव्ह फाईल ‘आरआयएफएफ’ या चार रोमन अक्षरांनीं सुरू होते, फ्लॅक फाईल ‘एफएलएसी’ या अक्षरांनीं, आणि ओपसचा संदेश ज्या ऑग वेष्टनांत असतो तें ‘ओजीजीएस’ या अक्षरांनीं. ही जात मीडियाइन्फो नांवाचा छोटा प्रोग्रॅम साध्या भाषेंत सांगतो. विंडोज पद्धतीच्या संगणकावर नांवाचें शेपूट बहुधा लपविलेलें असतें. तें दिसेल अशी योजना आधीं करावी.

जात खरी, आवाजही उत्तम, तरीही प्रवेश नाहीं, असेंही घडतें. ॲपल कंपनीनें २००१ सालीं काढलेला आयट्यून्स, आणि २०१९ सालीं मॅक संगणकावर त्याच्या जागीं आलेला म्युझिक, हे दोघेही फ्लॅक फाईल संग्रहांत घेत नाहींत. ती आंत ओढून टाकली तर कांहींच होत नाहीं; तक्रारही उमटत नाहीं. येथें फाईल ॲपल लॉसलेस या पद्धतींत रूपांतरित करावी. दोन्ही पद्धती आवाजाचा एक कणही न गाळणाऱ्या असल्यामुळें या रूपांतरांत कांहींच गमावत नाहीं. ओपस किंवा एमपी३ यांची गोष्ट निराळी. त्यांनीं जागा वांचविण्याकरितां आवाजाचा कांहीं अंश आधींच गाळलेला असतो, आणि तशाच दुसऱ्या पद्धतींत त्यांस उतरविलें कीं आणखी थोडा गळतो. ऐकण्यासाठीं अशी प्रत जरूर करावी. पण तिला मूळ समजूं नये.

कॅसेट उतरवितांना मध्येंच वीज गेली तर आणखी एक घोटाळा होतो. वेव्ह फाईलीच्या आरंभीं पुढें किती मजकूर आहे याचा आंकडा असतो, आणि तो पुष्कळदां ध्वनिमुद्रण संपल्यावरच भरला जातो. तो भरावयाचा राहिला, तर फाईल रिकामी आहे असें प्रोग्रॅमास वाटतें. येथें थोडें अंकगणित उपयोगी पडतें. सीडीच्या प्रतीचा दुहेरी आवाज दर सेकंदास १,७६,४०० बाइट घेतो. म्हणजे ३० मिनिटांस सुमारें ३१ कोटी ७५ लक्ष बाइट. फाईल एवढी भरत असेल आणि तरी लांबी शून्य दाखवीत असेल, तर ओव्या आंत सुखरूप असण्याचा फार संभव आहे. ऑडॅसिटी या प्रोग्रॅमांत ती ‘रॉ डेटा’ म्हणून उघडावी, सेकंदास ४४,१०० नमुने, १६ बिट व दोन वाहिन्या असें सांगावें, आणि नव्या नांवानें जतन करावी.

शेवटचें कारण तपशिलाचें. एमपी३ फाईलीस जोडावयाची आयडी३ ही चिठ्ठी १९९६ सालीं निघाली. ती अवघी १२८ बाइटांची असून गाण्याच्या नांवास तींत ३० बाइटच होते आणि देवनागरीची सोय नव्हती. यूटीएफ-८ पद्धतीनें देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. ‘ज्ञानेश्वर’ एवढ्या एका नांवानेंच ती जागा भरून जाते! १९९८ सालीं आलेली दुसरी चिठ्ठी फाईलीच्या आरंभीं बसते व तींत देवनागरी लिहितां येतें. मात्र ती चुकीची लिहिली गेली तर प्रोग्रॅम अडखळतो, किंवा गाणें घेऊन प्रश्नचिन्हांच्या ओळीखालीं कोठें तरी ठेवून देतो. म्हणून नुकतींच घातलेलीं गाणीं तारखेच्या क्रमानें लावून आधीं शोध घ्यावा. तेथें गाणें न सांपडल्यास नकलेवरील चिठ्ठी काढून टाकावी, फाईल आंत घ्यावी, आणि नांवें नव्यानें लिहावींत.

या क्रमानें गेल्यास बहुतेक गाण्यांस दार उघडतें. एखादी फाईल खरोखरच तुटलेली निघाली, तरीही ती ठेवावी. आज जी वाचतां येत नाहीं ती उद्यांच्या साधनानें वाचतां येईल. आणि सर्व ओव्या संग्रहांत सुखरूप पोंचल्या, म्हणून मूळ प्रती पुसूं नयेत. त्या दोन निरनिराळ्या जागीं सांभाळाव्यात. प्रोग्रॅम येतात आणि जातात. घरानें जपावयाचा आहे तो आवाज.