आधी वर्ष, मग रंग

स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. त्याचं बाजूने दिसणारं चित्र कॉम्प्युटरवर कसं काढायचं?

आधी माप घ्या. १९४० चं स्पिटफायर ९.१२ मीटर लांब होतं. १:७२ प्रमाणात ते साधारण १२.७ सेंटिमीटर भरतं. फोटो नुसता गिरवू नका. फोटोत जवळचा भाग मोठा दिसतो, म्हणून माप चुकतं.

रंग, खुणा, सावली आणि रेषा वेगवेगळ्या लेयरवर ठेवा. एक बिघडलं तरी बाकीचं पुसावं लागत नाही.

आता वर्ष शोधा. १९४० मध्ये विमानाची वरची बाजू हिरवी-तपकिरी होती. पुढे विमानं समुद्र ओलांडून फ्रान्सवर जाऊ लागली. मग ऑगस्ट १९४१ मध्ये तपकिरीच्या जागी करडा रंग आला. कृष्णधवल फोटोत हा फरक पटकन कळत नाही. म्हणून फोटोची तारीख बघा, मगच रंग भरा. नाहीतर १९४० च्या लढाईत १९४२ चं विमान उडेल!