साधं पाणी की बिसलेरी?

रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट आणि रात्री मेसला कुलूप, हा नियम ज्याने कुणी शोधून काढला त्याला माझा साष्टांग नमस्कार! कारण त्यामुळेच हॉस्टेलमधली निम्मी जनता रविवारी संध्याकाळी लोकल पकडून सीएसएमटीला उतरते, गेटवेपर्यंत तंगडतोड करते, कुलाबा कॉजवेवर कानातल्यांसाठी घासाघीस करते आणि साडेसातला भूक लागली की समोर दिसेल त्या हॉटेलात शिरते. (हॉटेल म्हणजे खायचं ठिकाण, हे आमच्या कॉन्व्हेंटच्या टीचरना शेवटपर्यंत पटलं नाही. मराठीत ते तसंच आहे, त्यामुळे मीही तसंच लिहिणार.)

गंमत अशी की बाहेर वीस रुपयांसाठी पंधरा मिनिटं भांडणाऱ्या आपण, आत बिल आलं की ते वाचतसुद्धा नाही. सगळ्यांची नजर थेट सगळ्यात खालच्या आकड्यावर. मग भागिले पाच, आणि काढा पैसे. म्हणून हा लेख. टूरिस्ट एरियातलं हॉटेल कसं चालतं आणि त्याचं बिल कसं वाचायचं, एवढंच सांगायचं आहे.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्या. आपल्या कॉलेजच्या गेटवरचा अण्णा डोशात बटाटा कमी घालत नाही, कारण आपण उद्या सकाळी परत त्याच्याच दारात उभ्या राहणार हे त्याला ठाऊक असतं. गेटवे बघायला आलेलं कुटुंब मात्र बहुधा परत येणार नसतं. त्यांना खूश ठेवण्यात हॉटेलवाल्याचा फारसा फायदा नाही, लवकर उठवण्यात मात्र आहे. कॉजवेवरची सगळीच हॉटेलं अशी आहेत असं नाही हं. लिओपोल्ड १८७१ पासून चालू आहे. ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्सची ‘शांताराम’ कादंबरी २००३ साली आल्यावर ती वाचून लोक तिथे येऊ लागले, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा तिथे अजून जपून ठेवल्या आहेत. मोंडेगारच्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. अशा ठिकाणांना नाव सांभाळावं लागतं. प्रश्न येतो तो मधल्या, नाव लक्षात न राहणाऱ्या हॉटेलांचा.

‘लवकर उठवणं’ म्हणजे काय, त्याला चक्क एक फॉर्म्युला आहे. ऑपरेशन्स रिसर्च ज्यांनी केटीत टाकलाय त्यांनीही वाचा, सोपा आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम: आत बसलेली टेबलं बरोबर तासाला येणारी टेबलं गुणिले प्रत्येक टेबल किती वेळ बसतं तो वेळ. समजा हॉटेलात २० टेबलं आहेत, सगळी भरलेली आणि बाहेर रांग. प्रत्येक टेबल ५० मिनिटं बसलं तर तासाला २४ टेबलं होतात. तेच ४० मिनिटांत उठवलं तर ३०. म्हणजे तासाला सहा बिलं जास्त, तीही एकही खुर्ची न वाढवता! आता कळलं, शेवटचा घास तोंडात असतानाच बडीशेप आणि बिल एकत्र का येतं? वेटर खडूस नसतो, तो लिटलसाहेबांचा नियम पाळत असतो. दुपारी साडेतीनला जा, तोच वेटर तुम्हाला तासभर बसू देईल, कारण तेव्हा बाहेर रांगच नसते.

आता बिलाकडे. बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, “साधं पाणी की बिसलेरी?” प्रश्न असा विचारतात की ‘साधं’ म्हणायला माणसाला लाज वाटावी. बाटलीवर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त पैसे लावले म्हणून पुष्कळ जण भांडायला जातात. ते भांडण जिंकता येत नाही. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे की हॉटेलात बसून पाणी पिताना तुम्ही नुसती बाटली विकत घेत नाही, जागा आणि सेवाही वापरता, त्यामुळे तिथे एमआरपीची सक्ती नाही. थोडक्यात, भांडू नका, साधं मागा.

मेनूकार्डावर मासळीसमोर आकड्याऐवजी ‘एपीएस’ लिहिलेलं असतं. म्हणजे ‘ॲज पर साइज’, जसा मासा तसा भाव. पापलेट ऑर्डर करण्याआधी किती रुपयांचं आहे ते तोंडी विचारा. नाहीतर मासा छोटा आणि आकडा मोठा, अशी वेळ येते.

मग जीएसटी. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलांना ५ टक्के, एसी असो की नसो. बिलावर तो सीजीएसटी २.५ आणि एसजीएसटी २.५ असा दोन ओळीत दिसतो, म्हणून दोनदा लावलाय असं समजू नका. (महागड्या राहत्या हॉटेलांमधल्या रेस्टॉरंटना १८ टक्के, पण तिथे आपण फक्त बाहेरून फोटो काढतो.) हा कर घ्यायचा तर बिलावर जीएसटी नंबर हवाच. पंधरा अक्षर-आकड्यांचा असतो, सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा पॅनची, आणि शेवटचा चेक डिजिट, आपण डिजिटलमध्ये शिकतो त्याच जातीचा. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की कंपनीचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, ते दिसतं. छोटी हॉटेलं कॉम्पोझिशन योजनेत असतात. त्यांनी कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून घ्यायची परवानगीच नसते. ज्याच्याकडे नंबर नाही त्याने तर मुळीच घेऊ नये.

राहिली ती ओळ, जिच्यामुळे हा लेख लिहायला घेतला: सर्व्हिस चार्ज. बऱ्याच जणांना वाटतं हा सरकारी आहे. तो जुना सर्व्हिस टॅक्स, जो १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेला. सर्व्हिस चार्ज हॉटेल स्वतः लावतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला नियमावली काढली: हा चार्ज आपोआप बिलात टाकायचा नाही, दुसरं नाव देऊनही नाही, तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं आणि त्याच्यासकट रकमेवर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलांच्या संघटना कोर्टात गेल्या, काही काळ स्थगिती होती, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने नियमावली योग्य ठरवली. त्या निकालावर त्यांनी पुढे अपीलही केलं.

आम्ही पाच जणी मागच्या सेममध्ये कॉजवेच्या एका गल्लीत जेवलो (वर नावं घेतली त्यातलं हे नव्हे). खाण्याचे १,५०० झाले. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज १५०. मग १,६५० वर जीएसटी ८२.५०. एकूण १,७३२.५०. चार्ज काढला असता तर १,५०० वर ७५, म्हणजे १,५७५. फरक दीडशेचा नाही, १५७.५० चा, कारण चार्जवरही कर लागला. माणशी साडेएकतीस रुपये. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतं? आमच्यातली एक स्कॉलरशिपच्या पैशावर शिकते. ती मेनूकार्डाच्या उजव्या बाजूकडून वाचायला सुरुवात करते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. त्या दिवशी तिने आकडेमोड करून फक्त पुलाव मागवला होता.

तिनेच वेटरला विचारलं, “दादा, हा चार्ज काढता येईल का?” तो काउंटरवर गेला. मॅनेजर म्हणाले, मेनूकार्डावर खाली लिहिलंय. लिहिलेलं होतं खरं, मुंगीएवढ्या अक्षरात. आम्ही शांतपणे म्हटलं, लिहिलं तरी तो ऐच्छिक आहे. दोन मिनिटांत दुसरं बिल छापून आलं, १,५७५ चं. आवाज चढला नाही, काही नाही.

पण वेटरचा चेहरा पडला होता. त्याचं काही नुकसान झालं का, असं आम्ही विचारलं, तर म्हणाला, यातलं आम्हाला किती मिळतं ते शेठ ठरवतात, कधी मिळतं कधी नाही. हे ऐकून मला जरा कससंच झालं. सर्व्हिस चार्ज हॉटेलच्या गल्ल्यात जातो आणि तिथून पुढे त्याचं काय होतं ते बिलावर लिहिलेलं नसतं. टिप मात्र सरळ त्याच्या हातात पडते. पुलाववालीनेच आधी वीसची नोट काढली, मग आम्ही चौघींनी. शंभर रुपये झाले. बिलाच्या फोल्डरमध्ये न ठेवता त्याच्या हातात दिले, फोल्डर काउंटरवर जातं म्हणून.

सर लोकांपैकी कुणी म्हणतील, पोरींनो, ५७ रुपयांसाठी एवढा खटाटोप? हिशोब बरोबर आहे सर, पण शंभर कुणाला द्यायचे ते आम्ही ठरवलं, हा फरक मोठा वाटला.

चार्ज काढायला नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. तक्रार करायची तर पहिल्या बिलाचा फोटो आधीच काढून ठेवा, त्यात जीएसटी नंबर आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी लायसन्स नंबर नीट दिसला पाहिजे. कारण दुसरं बिल आलं की पहिलं काउंटरवरच राहतं.