बदलता विषाणू आणि इन्फ्लुएंझाची परीक्षा

ज्वर, खोकला व अंगदुखी ही लक्षणे पुष्कळ रोगांना समान असतात. म्हणून इन्फ्लुएंझाची निश्चिती करण्यासाठी रुग्णाच्या नाकाघशातील स्रावात विषाणूच्या जनुकांचाच शोध घेतात. या परीक्षेस आरटी-पीसीआर म्हणतात. या विषाणूचे जनुकद्रव्य आरएनए असून त्याचे आठ खंड असतात. प्रथम आरएनएवरून डीएनए तयार करतात. मग प्रायमर नावाचे, सुमारे वीस अक्षरांचे तुकडे त्यावरील आपल्या जोडीचा मजकूर हुडकून चिकटतात आणि तेवढ्याच भागाच्या असंख्य प्रती निघतात. मजकूर पुरेसा जुळला नाही, तर प्रती निघत नाहीत आणि विषाणू असूनही तो नसल्याचा निर्वाळा मिळतो.

अडचण हीच आहे. स्वतःची नक्कल करताना होणाऱ्या चुका हा विषाणू दुरुस्त करीत नाही. त्यामुळे मजकूर सतत बदलत राहतो. शिवाय दोन भिन्न विषाणू एकाच पेशीत शिरले, तर त्यांच्या खंडांची अदलाबदल होते.

एप्रिल २००९ मध्ये याचा प्रत्यय आला. कॅलिफोर्नियातील दोन बालकांच्या नमुन्यांत ‘ए’ प्रकारचा इन्फ्लुएंझा तर सापडला. परंतु माणसांत तेव्हा फिरणाऱ्या एच१ व एच३ या उपप्रकारांच्या परीक्षांना ते नमुने दाद देईनात. ‘ए’ ओळखणारी परीक्षा मॅट्रिक्स या बऱ्याच स्थिर जनुकावर बेतलेली होती, तर उपप्रकार ओळखणारी हीमॅग्लुटिनिन या चंचल जनुकावर. नव्या विषाणूचे हीमॅग्लुटिनिन डुकरांतील विषाणूंकडून आलेले होते. त्यासाठी नवे प्रायमर तयार करावे लागले. ३ ऑगस्ट २००९ रोजी या साथीने पुण्यात भारतातील पहिला बळी घेतला. त्यानंतर तेथील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नमुन्यांची रीघ लागली, तेव्हा निदानाची भिस्त या नव्या प्रायमरांवरच होती.

तथापि, स्थिर म्हटलेले जनुकही अचल नसते. एच३एन२ विषाणूंच्या मॅट्रिक्स जनुकात झालेल्या बदलांमुळे काही परीक्षा उणावल्याचे पुढे आढळले. यास्तव एकाऐवजी दोन जनुके तपासणे आणि फिरत्या विषाणूंचा मजकूर वरचेवर वाचून प्रायमर पारखणे, हे दोन उपाय योजतात.

नमुना पुण्यातला असो वा भिलाईच्या कोहक्यातला, ‘विषाणू आढळला नाही’ याचा अर्थ ‘विषाणू नाही’ असा नेहमीच होत नाही. ऑसेल्टामिव्हिरचा गुण पहिल्या ४८ तासांत अधिक येतो. म्हणूनच रुग्णाची प्रकृती गंभीर असेल, तर जाणता वैद्य केवळ अहवालावर विसंबत नाही.