शिक्षण, मजुरी आणि नकार देण्याची शक्ती : खानदेशातील चार गैरसमज

1906 साली पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी ज्याची विभागणी झाली, त्या आजच्या जळगाव-धुळ्याच्या मुलखात शिक्षण आणि मजुरी यांच्याविषयी काही मते इतक्या निःशंकपणे बोलली जातात, की ती तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. शेतातला रोज ठरवताना काय, किंवा मुलीला आठवीपुढे शिकवावे की नाही याचा निर्णय घेताना काय, हीच मते प्रमाण मानली जातात. म्हणून त्यांतील चार मतांची छाननी करणे अगत्याचे आहे.

गैरसमज पहिला : शिकून उपयोग नाही, पदवीधर घरी बसतो आणि अडाण्याला रोज काम मिळते.

श्रमबळाच्या सरकारी पाहण्यांत बेकारीचे प्रमाण निरक्षरांपेक्षा पदवीधरांत अधिक आढळते, हे खरे आहे. परंतु ज्याच्या घरची चूल त्याच दिवसाच्या रोजावर पेटते, त्याला बेकार राहणेच परवडत नसते. तो मिळेल त्या दराने मिळेल ते काम पत्करतो आणि पाहणीत त्याची नोंद ‘कामावर’ अशी होते. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांसाठी वर्षे खर्ची घालणाऱ्या तरुणाच्या पाठीशी मात्र बहुधा थोडी जमीन किंवा वडिलांचा पगार असतो, आणि म्हणूनच तो थांबू शकतो. प्रत्यक्ष कामावर असलेल्यांच्या मिळकतीची तुलना केली, तर शिक्षणाच्या प्रत्येक अधिक वर्षामागे ती सरासरीने 9 टक्क्यांच्या आसपास वाढते, असा जगभरच्या अभ्यासांचा निष्कर्ष आहे.

अर्थात ही सरासरी आहे, हमी नव्हे. 1990 साली जळगावला विद्यापीठ स्थापन झाले, तालुक्यातालुक्यांत महाविद्यालये उभी राहिली. पण नियमित पगार देणाऱ्या जुन्या कापडगिरण्या काळाच्या ओघात बंद पडल्या, आणि त्यांची जागा घेणाऱ्या डाळमिल, जिनिंग, पाइप व चटई यांच्या कारखान्यांत पुष्कळसे काम कंत्राटी किंवा रोजंदारीचे राहिले. विद्येला गिऱ्हाईक नसणे हा बाजारपेठेचा दोष आहे, तो विद्येच्या माथी मारणे अन्यायाचे होय.

गैरसमज दुसरा : शाळा न शिकलेला मजूर म्हणजे अकुशल मजूर.

‘अकुशल’ हा सरकारी दरपत्रकातला एक वर्ग आहे. माणसाच्या हाताची ती परीक्षा नव्हे. कापूस वेचणारी बाई पाहावी. कमरेला ओटी बांधून ती ओळ धरते, वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना टोचत असताना पाल्याचा कण न येऊ देता सरकीसकट कापूस ओढून घेते, आणि भिजका कापूस वेगळा ठेवते. कारण काडीकचरा मिसळला की मालाचा भाव पडतो. तिची मजुरी ठरते ती किलोवर. पहिल्या वेचणीत बोंडे भरघोस असतात तेव्हा रोज बरा पडतो; फरदडीच्या, म्हणजे हंगाम सरल्यावरही राखलेल्या, विरळ कपाशीत तेवढेच तास राबूनही, दर वाढवून मिळाला नाही तर, वजन आणि मजुरी दोन्ही घटतात. कौशल्य तेच, कष्ट तेच; घटली ती केवळ मोजणी. निरक्षर कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव जळगावच्या विद्यापीठाला 2018 साली देणाऱ्या प्रदेशाने तरी अक्षरओळख आणि बुद्धी यांची गल्लत करू नये. अशा कौशल्याला दाखला नाही, आणि दाखला नसलेल्याला भाव मागता येत नाही, ही खरी अडचण आहे.

गैरसमज तिसरा : दोघांनी राजीखुशीने ठरवलेला दर हा कायदेशीरच असतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचा वर्षाचा करार होतो, किंवा ऊसतोडीचा मुकादम हंगामापूर्वी मजुरीची आगाऊ उचल देतो, तेव्हा कबुली दोन्ही पक्षांची असते; पण ती समान बळाच्या पक्षांची नसते. म्हणूनच 1948 च्या किमान वेतन कायद्याने किमान दरापेक्षा कमी मजुरीचा करार मजुराच्या संमतीनंतरही रद्दबातल ठरवला, आणि 2019 च्या वेतन संहितेनेही तेच तत्त्व राखले. 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने तर किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करवून घेणे म्हणजे संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठच होय, असा निर्णय दिला. उसाच्या फडात नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि हिशेब बहुधा पुरुषाच्या नावे होतो. तेथे बाईच्या श्रमाची स्वतंत्र नोंदही राहत नाही.

रोजगार हमीने मजूर आळसावतो, ही तक्रारही मजुराने मिळेल तो दर मुकाट्याने घ्यावा, याच अपेक्षेतून येते. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 1979 च्या प्रजासत्ताकदिनी अंमलात आला. 2006 साली केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या पहिल्या टप्प्यात धुळे जिल्हा होता. या कामांवर मजुरी मिळे ती कामाचे मोजमाप करून, म्हणजे आळसाला तेथे मोबदला नव्हता. केंद्राचा कायदा देशात जेथे आधी लागू झाला, तेथे कोरड्या हंगामात खाजगी मजुरीही वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. कारण दुसरीकडे काम आहे म्हटल्यावर मजुराला पडेल दर नाकारता येऊ लागला.

गैरसमज चौथा : मुलांची शाळा आईबापांच्या अनास्थेमुळे सुटते.

शिरपूर-साक्रीच्या आदिवासी पाड्यांवरून आणि चाळीसगावकडच्या गावांतून ऊसतोडीची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गुजरातकडे किंवा पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन उन्हाळ्यात संपते. म्हणजे वर्षाचा मोठा भाग मूल फडावर काढते, आणि वयाची आठ-नऊ वर्षे झाली की धाकट्या भावंडाला तेच सांभाळते. येथे वैर आहे ते दोन वेळापत्रकांचे. हंगामी वसतिगृहांची योजना याच अडचणीवरचा उपाय आहे. शिवाय 2010 पासून अंमलात असलेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार, शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला या सबबीवर प्राथमिक शाळेला मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. ही तरतूद प्रत्येक मुकादमाच्या टोळीला आणि प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक असलीच पाहिजे.

या चारही प्रश्नांच्या तळाशी एकच गोष्ट आहे : पडेल दराला ‘नाही’ म्हणण्याची शक्ती. ती शिक्षणाने येते, गावात दुसरे काम असल्याने येते, आणि अंमलात येणाऱ्या कायद्याने येते. यांपैकी एकच दिले आणि बाकीची दोन रोखली, तर पदवीधर अभ्यासिकेत अडकतो आणि मजूर उचलीत. शाळेवर खर्च करणाऱ्या सरकारने वजनकाटा, हजेरीपट आणि मजुरीचा हिशेबही तपासावा, आणि मजुराने आपल्या कामाचा किमान दर विचारून घेऊन तो निर्भयपणे मागावा. तो मागणे हा उद्धटपणा नव्हे, तो त्याचा हक्क आहे.